"तापवा, तीन घाव घाला, पिन हातात" म्हणणाऱ्यांनो, माझं दार बघायला या

जुनाट_पत्रा: काल इथे एकाने लिहिलं, "पद्मिनी गाडीच्या दाराची पिन अडकली? बिजागरी गॅसने लालबुंद करा, तीन घाव घाला, पाच मिनिटांत पिन हातात." खाली ४० अंगठे! म्हणून हे लांबण. माझ्या ८४च्या पद्मिनीला गॅरेजवाल्याने अगदी हेच केलं. दाराचं रबर वितळलं, खांबाचा रंग फुगला, पिन जागच्या जागी. वर घाव खाऊन तिचं तोंड छत्रीसारखं फुललं. आता ती भोकातून जाणार कशी? अहो, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून पिन आवळते. तिला तेल पाजायचं. मी चार रात्री पाजतोय. दार जॅक आणि फळीवर तोलून धरायचं, नाहीतर सगळं वजन पिनेवर. पंच, म्हणजे पिन ठोकून काढायची सळई, पिनेपेक्षा जरा बारीक आणि आखूड. लांब पंच नुसता लवतो.

बाबा_टर्नर: तेल पाजून चार रात्री झाल्या, निघाली का? तापवायचा तो बिजागरीचा कान, म्हणजे पिन जिच्यातून जाते ती भोकाची कडी, पिन नव्हे. कान फुगतो, पिन थंड राहते, गंजाची पकड तुटते. लाल करायची गरजच नाही. मग गरम कानावर मेणबत्ती टेकवा, मेण पातळ होऊन फटीत ओढलं जातं. तुमच्या माणसाने सगळंच भाजलं, त्यात गॅसचा काय गुन्हा?

खारा_वारा: तेल म्हणजे कुठलं ते आधी बोला. जो तो डब्ल्यूडी-४० फवारतो. नावातला 'डब्ल्यूडी' पाणी हुसकवण्याचा आहे हो, गंज फोडण्याचा नाही. आम्ही समुद्राकाठचे, गंज आमच्या घरचा. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं, हलवून लगेच सोडायचं, नाहीतर वेगळं होतं. रंगावर सांडलं तर माझ्याकडे यायचं नाही.

नियमावर_बोट: धाग्याला 'विंटेज' टॅग कुणी लावला? केंद्राच्या २०२१च्या नियमांत गाडीला ५० वर्षं लागतात, तीही मूळ रूपात. नवी नोंदणी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए', आणि रोज फिरवायची नाही. ८४ची गाडी फक्त म्हातारी.

जुनाट_पत्रा: माझं दार लोंबतंय आणि तुम्हाला टॅग दिसतोय!

डुक्करप्रेमी: बोट म्हणतात ते बरोबर. विंटेज म्हणजे आमच्या अण्णांची डुक्कर फियाट, ती जुनी फियाट ११००. पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मधल्या खांबावर. उतरणाऱ्या बाईचा पदर सुद्धा अडकत नसे. पद्मिनी काय, टॅक्सी!

काळीपिवळी: टॅक्सी ही शिवी आहे का? २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्या रात्री आमचे बाबा जेवले नाहीत. तुमची डुक्कर लग्नात हार घालून फिरते, आमच्या गाडीने तीन पोरांच्या फिया भरल्या.

डुक्करप्रेमी: भावना दुखावल्या असतील तर माफी. गाडी टॅक्सीच होती.

काळीपिवळी: असली माफी स्वतःकडेच ठेवा. आणि ऐका, दिवसातून शंभरदा उघडमीट, म्हणून आमची पिन अडकलीच नाही कधी. ती झिजायची. बाबा दार उचलून लावायचे आणि गिऱ्हाइकावर ओरडायचे, "हळू!" अडकतात त्या तुमच्या कव्हरखाली झोपलेल्या गाड्यांच्या.

बाबा_टर्नर: इतक्या गोंधळात हे एकच कामाचं बोलणं. पिन एका कानात घट्ट बसवलेली असते, दुसऱ्यात फिरते. दार जड झालं असेल तर फिरता कान जाम, तिथे तेल. दार सहज फिरतं पण पिन निघत नाही, तर घट्ट कान धरून बसलाय. पत्रासाहेब, तुमचं दार?

जुनाट_पत्रा: लोण्यासारखं फिरतं.

बाबा_टर्नर: आणि तेल कुठल्या कानात?

जुनाट_पत्रा: ...दिसेल तिथे.

बाबा_टर्नर: घाव कुठून?

जुनाट_पत्रा: वरून. सगळे वरूनच घालतात.

बाबा_टर्नर: पिनेच्या डोक्याखाली रेघा कोरलेल्या असतात, तिथेच ती कानात रुतते. निघते फक्त डोक्याच्या दिशेने. छत्री झाली म्हणता ते पिनेचं साधं टोक होतं की डोकं?

जुनाट_पत्रा (दुसऱ्या दिवशी): डोकं होतं. झालं समाधान? पाच दिवस तिला आणखी आत ठोकत होतो. शेवटी दोन कानांमधल्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून कापली, दार उतरवलं, वरचा तुकडा खालून पंचने उडवला. कान तापवून. लाल न करता, हे मीच पहिल्यापासून सांगत होतो.

बाबा_टर्नर: मेणबत्ती?

जुनाट_पत्रा: माळ्यावर होती, लोडशेडिंगच्या काळातली. नवी पिन तुमच्याकडे लेथवर कातून मिळेल का?

नियमावर_बोट: टॅग अजून तोच आहे.