पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे पेपर वेगळे असतील तर प्रगती मोजायची कशी?

खडूफळा

आमच्या विद्यापीठाच्या शैक्षणिक मापन केंद्राकडे एका गणित उपक्रमाचे मूल्यमापन आले आहे. इयत्ता पाचवी, उपक्रमाच्या 40 जिल्हा परिषद शाळा आणि तुलनेसाठी त्याच तालुक्यांतल्या दुसऱ्या 40. प्रत्येक शाळेतली साधारण 15 मुले. जुलैत 30 गुणांची बहुपर्यायी पूर्वचाचणी झाली, उत्तरचाचणी मार्चमध्ये आहे. मुलांना जुने प्रश्न आठवतील म्हणून 30 च्या 30 प्रश्न नवे काढावेत, असे बैठकीत ठरत आले आहे. निधी देणाऱ्यांना मात्र 'सरासरी इतके टक्के वाढली' असा एकच आकडा हवा आहे. पेपर वेगळे असताना तो देता येतो का? आणि नव्या प्रश्नांची पारख कशी करायची?

चाचणीघर

नाही देता येत. सगळेच प्रश्न बदलले, तर 42 टक्क्यांवरून 51 वर गेलेली सरासरी मुले शिकल्यामुळे वाढली की मार्चचा पेपर सोपा निघाला, हे कोणत्याही सूत्राने वेगळे काढता येणार नाही. दोन्ही पेपरांना जोडणारा दुवा हवा, म्हणून जुलैचे 10 प्रश्न जसेच्या तसे मार्चमध्ये ठेवा. जसेच्या तसे म्हणजे तीच शब्दरचना, तीच आकृती, पर्यायांचा तोच क्रम आणि पेपरातली जागाही जवळपास तीच. जुलैत चौथा असलेला प्रश्न मार्चमध्ये अठ्ठाविसावा झाला, तर थकलेली मुले तो चुकवतात आणि तो दुवा कामाचा राहत नाही. हे 10 प्रश्न संविधान तक्त्यातल्या (कोणत्या घटकावर किती प्रश्न, याचा पेपरचा आराखडा) सगळ्या घटकांतून आणि सोपे, मध्यम, अवघड अशा तिन्ही पातळ्यांतून निवडा. आठ महिन्यांनी पाचवीच्या मुलाला प्रश्न आठवण्याची भीती फारशी नसते. खरी भीती पेपर शाळेत राहून त्याचा सराव होण्याची असते. जुलैच्या प्रश्नपुस्तिका मोजून परत घेतल्या होत्या ना?

उरलेल्या 20 प्रश्नांसाठी 40 लिहा. एका बैठकीत 40 प्रश्न मुलांना झेपत नाहीत, म्हणून 20-20 चे दोन संच करा आणि जानेवारीत प्रत्येक संच 200 ते 250 मुलांना द्या. उपक्रमातल्या आणि तुलनेतल्या 80 शाळा या पथदर्शी चाचणीतून, म्हणजे प्रश्नांच्या या रंगीत तालमीतून, पूर्ण वगळा. मग प्रश्नागणिक पाहा:

काठिण्य निर्देशांक, म्हणजे बरोबर उत्तरांचे प्रमाण, 0.20 ते 0.90 च्या आत असावा. भेदन निर्देशांक, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो, यासाठी वरच्या आणि खालच्या 27 टक्के मुलांची तुलना करा, किंवा प्रश्नाचा बाकी एकूण गुणांशी सहसंबंध काढा. तो 0.20 च्या खाली असेल तर प्रश्न पुन्हा वाचा. ऋण आला तर आधी उत्तरसूची तपासा, कारण बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

त्यानंतर चुकीचे पर्याय पाहा. घाईत सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होते. उदाहरणार्थ, 403 − 178 = ? बरोबर उत्तर 225. चुकीचे पर्याय 375, 335 आणि 235 ठेवा. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारे मूल 375 म्हणते. शून्याला दहा धरून शतकाकडून काहीच न घेणारे मूल 335 वर जाते. शतकाकडून घेतले, पण दशकातले दहाचे नऊ करायला विसरले, की 235 येते. तिन्ही चुका वेगळ्या आणि प्रत्येकीवरचा उपायही वेगळा. तिथे 125 किंवा 900 असे मनाला येतील ते आकडे टाकले तर प्रश्न फक्त चूक-बरोबर सांगतो, शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. 5 टक्क्यांहून कमी मुलांनी निवडलेला पर्याय बदला.

सांख्यिकीवाला

वरचे सगळे मान्य, पण एक मोठी गोष्ट राहिली. तुमच्याकडे तुलनेच्या 40 शाळा आहेत आणि मार्चचा पेपर दोन्ही गटांना एकच आहे. म्हणजे उपक्रमाचा परिणाम काढण्यासाठी 'जुलै ते मार्च वाढ' हा आकडा मुळात लागतच नाही. मार्चचे गुण दोन्ही गटांत ताडून पाहा आणि जुलैचे गुण सहचल म्हणून प्रतिमानात घ्या, म्हणजे सुरुवातीच्या पातळीतला फरक हिशोबात धरला जाईल. मार्चचा पेपर सोपा निघाला तर दोघांनाही सोपा. समान प्रश्नांचा दुवा लागतो तो मुले किती पुढे गेली हे सांगायला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि अहवालातही वेगळेच राहू द्या.

इथे मला जास्त काळजी शाळांच्या निवडीची वाटते. उपक्रमाच्या शाळा आधीच्या निकालात तळाला होत्या म्हणून घेतल्या असतील, तर काहीही न करता त्यांची सरासरी थोडी वर येते, कारण तळाच्या गुणांत त्या दिवशीच्या दुर्दैवाचाही वाटा असतो. तुलनेच्या शाळा त्याच पातळीच्या नसतील, तर ही वाढ उपक्रमाच्या खात्यावर जमा होईल.

नमुन्याबद्दल. 40 शाळांत 15 प्रमाणे 600 मुले दिसतात, पण एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात. शाळांतर्गत सहसंबंध (हे सारखेपण किती, याचे माप) 0.20 धरला तर नमुन्याचा परिणाम, म्हणजे गटाने मुले घेतल्यामुळे माहिती किती पट घटते तो आकडा, 1 + 14 × 0.20 = 3.8 येतो. 600 ÷ 3.8 म्हणजे माहिती साधारण 158 स्वतंत्र मुलांएवढीच. मुलामुलांवर साधी टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक योगायोगाचा आहे का, हे पाहणारी) लावली तर नसलेला फरक 'लक्षणीय' दिसेल. मूल आणि शाळा हे दोन्ही स्तर धरणारे बहुस्तरीय प्रतिमान वापरा, किंवा किमान शाळांच्या सरासरीवर विश्लेषण करा.

आणि मुलामागे प्रगतिपत्रक छापू नका. विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे, 1 म्हणजे पूर्ण) 0.84 आणि प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) 6 गुण असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मुलाचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते, 6 × √(1 − 0.84) = 6 × √0.16 = 2.4 गुण येते. दोन चाचण्यांच्या फरकात ती साधारण 3.4 होते. एखाद्या मुलाचे 2 गुण वाढले, यावरून काहीच म्हणता येत नाही.

क्षेत्रभेट

प्रत्यक्ष शाळेत जे बिघडते त्याबद्दल. पाचवीच्या मुलांना ओएमआर (गोल काळे करायची, यंत्राने वाचली जाणारी वेगळी उत्तरपत्रिका) देऊ नका. ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरे एकाने सरकतात. पुस्तिकेतच गोल करू द्या, नोंद तुमची माणसे करतील. नोंदीत कोरे, दोन पर्यायांना गोल आणि 'तिथवर पोहोचलेच नाही' यांना वेगळे संकेतांक द्या. सरसकट शून्य भरले तर पेपर लांबला होता हे कधीच कळत नाही. दहा टक्क्यांहून जास्त मुले शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचली नसतील तर वेळ वाढवा किंवा प्रश्न कमी करा, आणि हे जानेवारीतच ठरवा.

पर्यवेक्षक वर्गशिक्षक नसावा. जुलै-मार्चची जोडणी नावावरून करू नका, आडनाव आधी की नंतर यातच गोंधळ होतो. शाळेच्या 11 अंकी यू-डायस क्रमांकापुढे तुमचा स्वतःचा विद्यार्थी क्रमांक लावा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले मार्चमध्ये सापडत नाहीत. कोणत्या गटातून किती गळाली आणि त्यांचे जुलैचे गुण काय होते, हा तक्ता अहवालात हवाच.

आणि उपक्रम खरोखर झाला का? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सर्सी या मूल्यमापन केंद्राच्या रॉबर्ट स्टेक यांनी 1967 मध्ये हीच मांडणी केली: पूर्वस्थिती, प्रत्यक्ष व्यवहार, फलित, आणि प्रत्येकात ठरवलेले काय नि दिसलेले काय. साहित्याची पेटी उघडलीच नसेल तर मार्चचा आकडा त्या उपक्रमाचा नसतो. प्रत्येक शाळेत न कळवता दोन भेटी, दर भेटीत एक पूर्ण तास.

खडूफळा

पुस्तिका परत घेतल्या होत्या, पण तीन शाळांच्या मिळून 11 कमी आल्या. त्या शाळा वगळू का?

चाचणीघर

सरसकट वगळू नका, त्याने गट बदलतो. मुख्य विश्लेषण सगळ्या शाळांवर, मग त्या तीन काढून पुन्हा, आणि दोन्ही निकाल छापा. शिवाय मार्चनंतर 10 समान प्रश्नांचे जुलैचे आणि मार्चचे काठिण्य निर्देशांक आलेखावर मांडा. नऊ एका रेषेजवळ आणि एकच उडून दूर गेला असेल तर तो दुव्यातून काढा. आधी तो फक्त त्या तीन शाळांतच उडाला आहे का ते पाहा.