एफएम २४ (फुटबॉल मॅनेजर २०२४ हा कॉम्प्युटर गेम) : कॉम्प्युटर ठरवून हरवतो का? आणि गेम अवघड कसा करायचा?

सुपरसब
फुटबॉल मॅनेजरमध्ये सोपं-मध्यम-अवघड असा पर्यायच नाही. पहिला हंगाम झकास, दुसऱ्यात तीच टॅक्टिक आणि २२ शॉट मारून ०-१. हे ठरवून होतं का, आणि तपासायचं कसं? उलट ट्रान्स्फरमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत, कॉम्प्युटर अगदीच भोळा. तिथे काय करावं?

कोपरा_किक
ठरवून नाही. सामन्याआधी सेव्ह करा आणि तीच अकरा, तीच टॅक्टिक ठेवून १० वेळा खेळा. निकाल बदलत राहतील. दर वेळी दोन्ही बाजूंचा एक्सजी (मिळालेल्या संधींतून सरासरी किती गोल व्हायला हवेत तो आकडा) लिहून ठेवा. इतक्या कमी सामन्यांत नुसते निकाल फसवतात, एक्सजीची बेरीज कमी फसवते.

२२ शॉटना एक्सजी १.१ असेल तर एका शॉटची किंमत ०.०५. पेनल्टीची साधारण ०.७८ असते. म्हणजे तुमची पोरं लांबून नाहीतर गर्दीतून मारतायत. पहिल्या हंगामाने क्लबची प्रतिष्ठा वाढते, मग समोरचे मॅनेजर तुम्हाला वरचढ धरून मागे बसतात. अशा वेळी मेंटॅलिटी (संघाने किती आक्रमक खेळायचं ते सेटिंग) 'अटॅकिंग' करणं ही सगळ्यांची आवडती चूक. टेम्पो वाढतो, पास थेट होतात, बचावरेषा वर सरकते आणि अडवलेला बॉल तुमच्याच पाठीमागच्या मोकळ्या जागेत जातो. त्यापेक्षा 'पॉझिटिव्ह' किंवा 'बॅलन्स्ड', टेम्पो एक पायरी खाली, रुंदी जास्त, 'वर्क बॉल इंटू बॉक्स' (लांबून न मारता बॉल पेनल्टी बॉक्समध्ये नेण्याची सूचना) चालू, आणि हल्ल्यात असतानाही मागे किमान तीन जण.

तिरकी_नजर
रुंदीला सहमत. पण बचावरेषा आणि प्रेसिंगही एकेक पायरी खाली घेऊन बघा, समोरचे जरा पुढे येतात. फॉरवर्ड वेगवान नसेल तर मात्र उपयोग शून्य.

जुना_स्काउट
ट्रान्स्फरचं दुखणं खरं आहे. त्यावर सेटिंग कमी, स्वतःवर घातलेली बंधनं जास्त लागतात. करिअर सुरू करतानाच:
- मॅनेजरचा अनुभव 'संडे लीग' (हौशी खेळाडू), कोचिंग बॅज एकही नाही. खेळाडू सहजासहजी ऐकत नाहीत.
- अनोळखी खेळाडूंचे गुण झाकण्याची सोय बंद करू नका.
- पहिल्या ट्रान्स्फर विंडोतले व्यवहार बंद ठेवा.
- इन-गेम एडिटरला (खेळता खेळता गेममधली माहिती बदलण्याची सोय) मनाई.

पुढे स्वतःचे नियम: खेळाडू स्वतःहून इतर क्लबांना 'ऑफर' करायचा नाही, आणि स्काउटने पाहिलेलाच घ्यायचा. पहिला नियम सर्वांत जड जातो, कारण नकोशा खेळाडूंचे भरमसाट पैसे तिथूनच येतात. डेटाबेस 'लार्ज' ठेवा, छोट्यात कॉम्प्युटरच्या क्लबांनाही निवडायला माणसं कमी मिळतात. लॅपटॉप धापा टाकू लागला तर लीग कमी करा.

आयएसएल (इंडियन सुपर लीग) घेतलीत तर मैदानात एकावेळी ४ परदेशी ही अट तुम्हाला आणि कॉम्प्युटरला सारखीच. एफसी गोवा घेऊन बघा, भारतीय खेळाडू घडवावेच लागतात.

सुपरसब
हंगाम मध्यावर आहे. अनुभव आता बदलता येतो का?

जुना_स्काउट
चालू सेव्हमध्ये नाही. 'ऑफर'चा नियम आजपासून लावा. अनुभव कमी हवा असेल तर मात्र नवं करिअरच सुरू करावं लागेल.