मदत हवी आहे: लहान मुलांच्या कॅन्सर संशोधनासाठी सायकल चॅलेंज, घरच्यांचे पैसे पोचत नाहीत

हेमंत_पेडल
ऑक्टोबर सुरू झालाय. ५०० किमी ठरवलेत, ते मी करीन, पण पैशांपाशी गाडी अडली आहे. काका, मावशी, शाळेतले मित्र, सगळे तयार आहेत. माझ्या देणगीच्या पानावर कार्ड टाकलं की नकार येतो, यूपीआयची सोयच नाही. काका विचारतात, ८०जीची (प्राप्तिकरात सूट मिळते ती) पावती मिळेल ना? सगळ्यांचे पैसे भावाच्या खात्यात गोळा करून मी इथून एकरकमी भरले तर चालेल का? या आठवड्यात करायचंय, प्लीज लवकर सांगा.

गोदाकाठ
"इथून" म्हणजे कुठून? संस्था कोणती? कार्ड कोणतं?

नलिनीताई_मिरज
परळच्या टाटा मेमोरियलच्या इम्पॅक्ट फाउंडेशनला द्या. लहान मुलांच्या उपचारांसाठीच आहे ते. भाच्याच्या वेळी आम्ही परळला होतो. तोंडाला मास्क लावलेलं पोर मांडीवर घेऊन फुटपाथवर स्टोव्हवर खिचडी ढवळणारी बाई अजून डोळ्यांसमोर आहे. सेंट ज्यूड इंडिया अशा कुटुंबांची राहायची सोय मोफत करतं. त्यांनाही द्या.

हेमंत_पेडल
ताई, टाटाबद्दल आदरच आहे, पण मला संशोधनासाठीच द्यायचंय. मी सिडनीत आहे. ग्रेट सायकल चॅलेंज करतोय, पैसे इथल्या चिल्ड्रन्स मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटला जातात. शेजारच्यांच्या मुलीला न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांना होणारा मज्जापेशींचा कॅन्सर) आहे, चार वर्षांची आहे. तिच्या बाबांना शब्द दिलाय.

लेखापाल
सिडनी हे आधी सांगायला हवं होतं, सगळं उत्तरच बदलतं.
८०जी फक्त भारतात नोंदणी असलेल्या पात्र संस्थांना, तेही काकांनी जुनी करप्रणाली घेतली असेल तर. तुमच्या संस्थेची पावती इथे उपयोगाची नाही.
भावाच्या खात्याचं मुळीच करू नका. इकडे रुपये जमा, तिकडे तुम्ही डॉलर भरणार, हे फेमात (परकीय चलनाच्या कायद्यात) अडचणीचं आहे. काकांनी स्वतः पाठवावेत. एलआरएसखाली (निवासी भारतीयांना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) परदेशी दान चालतं, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत.

गोदाकाठ
आणि कार्ड बहुतेक म्हणूनच नाकारलं जातंय. २०२० पासून आपल्याकडची नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू होऊन येतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करायला सांगा. साधं रुपे असेल तर तरीही होणार नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागेल.

रोखठोक_सातारकर
मला नलिनीताईंचं पटतं. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. औषधं शोधून झालेली आहेत हो, ती मुलांपर्यंत पोचत नाहीत. रुपया तिथे खर्च व्हावा.

डॉ_अनुजा
ते ८० टक्के कुठून आले? १९४७-४८ साली बॉस्टनला डॉक्टर सिडनी फार्बरनी ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलांना अमिनोप्टेरिन दिलं तेव्हा काही मुलांचा आजार पहिल्यांदा तात्पुरता मागे हटला. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेलं, आपल्याच भीमावरमचा माणूस. पुढे व्हिनक्रिस्टिन आलं, ते आपल्या दारातल्या सदाफुलीपासून. न्यूरोब्लास्टोमा पसरलेला असेल तर आजही हातात पुरेसं काही नाही. दोन्हींना पैसा हवा, भांडू नका.

वनौषधी_प्रेमी
सदाफुलीची पानं रोज सकाळी अनशापोटी द्यावीत. आमच्याकडे मधुमेहाला देतात.

डॉ_अनुजा
कृपा करून कुणी हे करू नका!! व्हिनक्रिस्टिन मिलीग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, पानं विषारी आहेत. मुलांना तर अजिबात नको.

चाकोरी
अवांतर: हेमंत, रोज किती किमी करताय? सीटची उंची तपासा, नाहीतर गुडघे जातील. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय पूर्ण सरळ झाला की उंची बरोबर.

हेमंत_पेडल
गोदाकाठ, मावशीचं कार्ड चाललं!! अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय बंदच होतं. काकांचं रुपे निघालं. ते म्हणतात, ८०जी मिळणार असेल तर परळलाच देतो, म्हणून नलिनीताईंनी सांगितलेलं नाव त्यांना दिलंय. शाळेतल्या मित्रांपैकी दोघं दुबईत आहेत, त्यांना हे एलआरएस वगैरे लागू होतं का?

लेखापाल
दुबईत पगार, तिथलंच खातं आणि अनिवासी असतील तर नाही. अनिवासी आहेत ना, नक्की?