पहिल्यांदा 'अ', नंतर 'द'? अर्धाच नियम

इंग्रजीत नामाआधी येणारी आर्टिकल्स, म्हणजे अ/ॲन (a/an) आणि द (the), शिकवताना 'पहिल्या उल्लेखाला अ, दुसऱ्यांदा द' असं सांगतात. शिकवायला सोपं आहे, पण तेवढ्यावर विसंबलं तर गाडी लगेच अडते. उल्लेख कितव्यांदा आला याला फारसं महत्त्व नाही. 'नेमकं कोणतं' हे ऐकणाऱ्याला कळणार आहे का, ते बघायचं. 'आय बॉट अ बायसिकल, बट द ब्रेक्स आर लूज.' ब्रेक पहिल्यांदाच आले, तरी द. सायकल म्हटली की ब्रेक आलेच, कोणते ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याच सायकलची एक तार तुटली तर मात्र 'अ स्पोक इज ब्रोकन'. तारा ढीगभर, त्यातली कोणती हे समोरच्याला कुठे माहीत? उलटही होतं. 'लुक ॲट माय बायसिकल. इट्स अ गुड बायसिकल.' दुसरा उल्लेख असून अ, कारण इथे सायकल ओळखायची नाहीये, ती कशी आहे ते सांगायचंय.

अ की ॲन यासाठी स्पेलिंगकडे बघूच नका, उच्चार ऐका: ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी, ॲन एमएलए. आणि काही ठिकाणी तर्क लढवण्यात अर्थ नाही, तिथे इंग्रजीवाल्यांचंच एकमत नाही. पेशंट म्हणून दाखल झालेला माणूस ब्रिटिशांच्या लेखी 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकनांच्या लेखी 'इन द हॉस्पिटल'. परीक्षेसाठी लिहीत असाल तर कुठलं इंग्रजी धरलंय ते आधी बघून घ्या.