डुकाटी ९१६ ते नवी पानिगाले: मागचा दुसरा हात परत यायला हवा होता का?

सह्यकडा

२०२४ मध्ये इटलीच्या डुकाटीनं २०२५ ची पानिगाले व्ही४ ही मोटारसायकल दाखवली, तेव्हापासून सलतंय ते आज लिहून टाकतो. या गाडीचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक गाडीला जोडणारा हात, चाक दोन्ही बाजूंनी धरतो. एका बाजूचा स्विंगआर्म गेला. माझ्या मते हा निर्णय चुकला.

का चुकला ते सांगायला डुकाटीच्याच १९९४ च्या ९१६ पर्यंत मागे जावं लागेल. तिचे कर्ते मास्सिमो ताम्बुरिनी, रिमिनीचे. बिमोटा या मोटारसायकल कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक, आणि त्या तिघांचा मूळ धंदा घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रणा बसवण्याचा. १९७२ साली मिसानोच्या ट्रॅकवर होंडा सीबी७५० वरून पडून ताम्बुरिनींच्या बरगड्या मोडल्या. त्यातून उठून त्यांनी त्या इंजिनाभोवती स्वतःची चौकट बांधली. ९१६ त्यांनी पुढे सान मारिनोमध्ये, डुकाटीची तेव्हाची मालक कंपनी काजिवाच्या संशोधन केंद्रात घडवली.

ही गाडी उजवीकडून बघा. मागच्या चाकाच्या मधोमध एकच मोठा नट, बाकी अख्खं चाक उघडं. आडवा येणारा सायलेन्सर नाही, कारण दोन्ही सायलेन्सर सीटखाली. टाकी कमरेशी आत गेलेली. पुढे दोन अरुंद तिरके दिवे. यातलं काहीच वरून चिकटवलेलं नाही. दोन सिलिंडरचं ९० अंशातलं इंजिन अरुंद, म्हणून गाडी अरुंद. टाकीचा तळ हाच हवापेटीचं झाकण. सायलेन्सर वर गेले, म्हणून वळणात झुकायला खाली जागा मोकळी झाली. कामातून आलेलं रूप म्हणतात ते हेच. त्यातलं उघडं चाक झाकलंत तर काय उरतं?

तेलकट_हात

असहमत. अकरा वर्षं दुबईत गॅरेजमध्ये काम केलं, डेस्मोची (डुकाटीच्या खास व्हॉल्व्ह-रचनेची) इंजिनं स्वतः उघडली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली गोष्ट, एका बाजूचा स्विंगआर्म ९१६ नं आणलेला नाही. होंडानं एल्फ या फ्रेंच तेल कंपनीकडून तो घेतला आणि आपल्या १९८७ च्या आरसी३० गाडीवर लावला. १९९२ च्या होंडा एनआर मध्ये एका बाजूचा स्विंगआर्मही होता आणि सीटखालचे सायलेन्सरही. त्याचं काम एकच, लांब पल्ल्याच्या शर्यतीत चाक पटकन बदलणं. रस्त्यावर चालवणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तेवढाच ताण एका बाजूनं पेलायचा तर हात जाड करावा लागतो, म्हणजे वजन वाढतं.

दुसरी गोष्ट, कामातून आलेलं रूप म्हणता, तर बाकीचंही मोजा. सायलेन्सर सीटखाली म्हणजे सिग्नलला उभं राहिलं की मांड्या शेकणार. आरशात रस्त्यापेक्षा स्वतःची कोपरं जास्त दिसतात. साइड स्टँडवरचं वजन निघालं की स्टँड आपोआप वर उडतो. सवय नसलेल्या माणसाच्या हातून गाडी आडवी व्हायला तेवढं पुरतं. गाडीजवळ जाऊन फोटो काढणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

आणि डेस्मो. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंग करते. इथे त्यासाठी वेगळा रॉकर (छोटी तरफ) आहे, तो व्हॉल्व्ह ओढून बंद करतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन गॅप, उघडण्याचा आणि मिटण्याचा. आठ व्हॉल्व्ह, सोळा मापं. फीलर गेज (गॅप मोजायची पट्टी) घालायचं, शिम (गॅप ठरवणारी पातळ चकती) काढायची, मोजायची, दुसरी घालायची, परत मोजायचं. वर टायमिंग बेल्टची मुदत सांभाळायची. मालकाला हे आधी सांगायला हवं.

सह्यकडा

तेलकट हात, एनआर चा मुद्दा मान्य. ९१६ नं हे सगळं पहिल्यांदा केलं असं मी म्हटलेलं नाही. पण एनआर आणि ९१६ शेजारी उभ्या करून बघा. सामग्री तीच, पण एनआर बघून माणूस तिच्या तंत्राबद्दल विचारतो आणि ९१६ बघून गप्प होतो. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं मोटारसायकलींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ९१६ होती. आणि नुसती बघायची वस्तू म्हणाल तर वर्ल्ड सुपरबाईक या शर्यतमालिकेत कार्ल फोगार्टीनं १९९४ आणि ९५ ला तिच्यावर विजेतेपद घेतलं, १९९६ ला ट्रॉय कोर्सरनं, १९९८ आणि ९९ ला तिच्याच घराण्यातल्या गाड्यांवर परत फोगार्टीनं.

तेलकट_हात

विजेतेपदं सांगताना नियमही सांगा. तेव्हा चार सिलिंडरवाल्यांना ७५० सीसीची मर्यादा होती आणि दोन सिलिंडरवाल्यांना १००० ची. शेवटी होंडानंही दोन सिलिंडरची गाडी काढली आणि कॉलिन एडवर्ड्सनं २००० आणि २००२ ला तिच्यावर जिंकून दाखवलं. ९१६ वेगवान नव्हती असं म्हणत नाही, पण त्या आकड्यांचं श्रेय रूपाला देता येणार नाही.

वक्ररेषा

मी प्रॉडक्ट डिझाइन शिकवते. दोघांच्या वादात ९९९ चं नाव अजून आलं नाही याचं नवल वाटतं, कारण या प्रश्नाचं उत्तर तिथे एकदा मिळून गेलंय.

९१६ च्या घराण्यानंतर २००३ साठी पिएर तेर्ब्लांश यांनी ९९९ केली. दिवे एकावर एक, स्विंगआर्म दोन्ही बाजूंचा. एकट्यासाठीच्या मॉडेलवर फूटपेग आपल्या पायांच्या मापानं हलवता यायचे. ट्रॅकवर ती कुठेही कमी पडली नाही. २००३ ला हॉजसन, २००४ ला टोझलंड, २००६ ला बेलिस, तीन विजेतेपदं. आणि तेव्हा चार सिलिंडरवाल्यांनाही १००० सीसीची मुभा मिळाली होती. तरी लोकांनी तिला मनापासून जवळ केलं नाही. २००७ ची १०९८ आली तेव्हा दिवे परत शेजारी-शेजारी होते आणि एका बाजूचा स्विंगआर्मही परत आला होता.

यावरून लोक म्हणतात, दुसरा हात आला की गाडी नापसंत होते. मला हा निष्कर्ष पटत नाही. ९९९ ची अडचण तिच्या चेहऱ्यात आणि कडेच्या पत्र्यांच्या तुटक रेषांत होती. ९१६ मध्ये नजर दिव्यापासून निघते, टाकीवरून सरकते आणि शेपटीच्या टोकापर्यंत कुठेही न अडखळता जाते. ९९९ वर ती तीनदा थांबते. मी वर्गात दोन्हींच्या कडेच्या बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर काढून घेते. ९१६ ची रेष मुलं पेन्सिल न उचलता काढतात. दोष रेषेचा होता, शिक्षा स्विंगआर्मला झाली.

सह्यकडा

ताई, रेषेचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण ती रेष शेपटीशी जिथे संपते तिथे खाली मोकळं चाक असतं, म्हणून शेपटी हवेत तरंगल्यासारखी वाटते. तिथे दुसरा हात आला की तो मोकळेपणा भरून जातो. तुमच्याच बाह्यरेषेच्या खालची जागा म्हणतोय मी.

पो_नदीकाठ

मी नोकरीनिमित्त उत्तर इटलीत राहतो. बोलोन्याच्या बोर्गो पानिगाले भागात कारखान्यातच डुकाटीचं संग्रहालय आहे, तिथे दोनदा जाऊन आलोय. शर्यतीच्या गाड्या कालक्रमानं बघत चाललं की एक गोष्ट लक्षात येते. मोटोजीपी शर्यतमालिकेतल्या डुकाटीच्या डेस्मोसेदिची गाडीला स्विंगआर्म दोन्ही बाजूंचाच आहे. २००७ ला स्टोनरनं विजेतेपद आणलं ते त्याच मांडणीवर, बान्याइयानं २०२२ आणि २३ ला आणलं तेही त्याच मांडणीवर.

कारण समजून घ्या. गाडी वळणात खूप झुकते तेव्हा रस्त्याचा खड्डा-उंचवटा सस्पेन्शनच्या दिशेनं येत नाही, आडवा येतो. तो धक्का स्प्रिंग आणि डँपर नीट घेऊ शकत नाहीत. म्हणून स्विंगआर्मला आडव्या दिशेनं थोडं वाकता यायला हवं, पण पीळ बसता कामा नये. एका बाजूच्या जाड हाताला हे दोन्ही एकदम साधणं अवघड. नव्या पानिगालेचा पोकळ, दोन्ही बाजूंना सारखा हात त्यासाठीच आहे, आणि तो हलकाही आहे. सह्यकडा, कामातून येणारं रूपच सुंदर असं तुम्हीच वर लिहिलंत. मग काम बदललं की रूप बदलणारच. ताम्बुरिनी २०१४ ला गेले. त्यांची कारकीर्दच मुळात चौकट चांगली व्हावी या हट्टातून सुरू झाली होती, हे तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे.

सह्यकडा

हा मुद्दा लागला. दोन दिवस विचार करून लिहितोय.

ट्रॅकच्या बाबतीत माघार घेतो. टायर बदलले, झुकण्याचे कोन वाढले, १९९४ चं उत्तर आजच्या प्रश्नाला चालणार नाही. पण पानिगाले विकत घेणारे बहुतेक लोक ती रस्त्यावरच चालवणार. त्यांच्यासाठी गाडी पार्किंगमध्ये उभी करून दोन पावलं गेल्यावर मागे वळून बघणं, हेही गाडीचं कामच आहे. ते काम ९१६ सारखं दुसऱ्या कुठल्या गाडीनं केलेलं मी पाहिलं नाही. या कामाचं वजन ग्रॅममध्ये मोजता येत नाही, म्हणून ते हिशेबातच धरायचं नाही हे मला मान्य नाही.

घाटवाट

मी ताम्हिणीत नेमानं चालवते. एका मित्राची अशीच पूर्ण वाकून बसायची स्पोर्टबाईक (कंपनी सांगत नाही, मुद्दा तिचा नाही) एकदा मुळशीपासून माणगावपर्यंत नेली. सीटची उंची अडली नाही, हँडलपर्यंतची पोहोच अडली. सगळा भार मनगटांवर. उतरल्यावर हेल्मेटचा पट्टा सोडायला बोटं वळेनात. वळणावळणांचा तो रस्ता, आणि माझं सगळं लक्ष मनगटांत. म्हणून ९९९ चे हलणारे फूटपेग मला एखाद्या सुंदर रेषेहून कमी वाटत नाहीत. गाडी बघणाऱ्याचं शरीर लांब उभं असतं, चालवणाऱ्याचं तिच्यावर असतं. दोघांनाही आवडेल अशी गाडी मागणं जास्त आहे का?

तेलकट_हात

घाटवाट ताई, जास्त अजिबात नाही. माझं मत अजून तेच, चालवायला ९९९ जास्त चांगली गाडी.

पण सह्यकडांच्या मागे वळून बघण्याबद्दल एक सांगतो. आमच्याकडे एक लाल ९१६ यायची. बेल्ट बदलून, सोळा गॅप बसवून, टाकी परत लावून इंजिन चालू केलं की ड्राय क्लच (तेलात न बुडणारा, कोरडा) पत्र्याच्या डब्यात सुटे वॉशर हलवल्यासारखा खुळखुळायचा. क्लच दाबला की तो आवाज उलट वाढायचा. दहा मिनिटं तसंच चालू ठेवून, तेल गळत नाही ना बघून गाडी पुढे नेऊन लावायची. बाकीच्या गाड्या मी जागा मिळेल तशा लावायचो. ही मात्र नेहमी उजवी बाजू दाराकडे करून लावली, मागचं चाक रस्त्यावरून दिसेल अशी.