'ऑर्गनॉइड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मधुमेह-संशोधनावरच्या एका लेखाचा अनुवाद तपासते आहे. आतड्याच्या ऑर्गनॉइडसाठी (मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, अवयवासारख्या सूक्ष्म रचनेसाठी) त्यात सगळीकडे 'कृत्रिम आतडे' असं आलंय आणि मॉडेलसाठी 'नमुना'. दोन्ही खटकतात. 'अवयवाभ' कसा वाटतो?

प्रतिसाद : 'कृत्रिम' नक्की काढा. कृत्रिम दात माणूस घडवतो. इथे रचना पेशीच उभी करतात. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदराच्या आतड्यातली एकेक मूलपेशी (स्टेम सेल) मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये वाढवली. त्या एका पेशीपासून शोषण करणाऱ्या, श्लेष्मा स्रवणाऱ्या, संप्रेरकं सोडणाऱ्या अशा सगळ्या पेशी तयार झाल्या आणि आपापल्या जागी बसल्या.

'आतडे'सुद्धा जास्तच होतं. अशा ऑर्गनॉइडमध्ये ना रक्तवाहिन्या, ना स्नायू. असतं ते फक्त अस्तर. 'प्रयोगशाळेत आतडे तयार' असं वाचलं की रुग्णाला वाटतं, आता ते बसवून मिळेल. त्याची अशी फसगत होऊ नये.

प्रश्नकर्ती : पण नुसत्या अस्तरावरून मधुमेहाचं काय कळणार?

प्रतिसाद : बरंच कळतं. जेवणातली साखर रक्तात जाते ती याच अस्तरातून. एसजीएलटी१ हे प्रथिन ग्लुकोजला सोडियमसोबत पेशीत ओढून घेतं (ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही असतात ते यासाठीच) आणि पलीकडच्या बाजूने जीएलयूटी२ हे दुसरं प्रथिन ते रक्ताकडे सोडतं. शिवाय तेवढंच ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने दिलं, तर इन्शुलिन जास्त स्रवतं. कारण अस्तरातल्या काही पेशी जीएलपी-१ आणि जीआयपी ही इन्शुलिन वाढवणारी संप्रेरकं सोडतात. जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांत निकामी होऊ लागतं, त्यामुळे ते स्रवतं तिथेच मोजता येणं मोलाचं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये अतिस्थूल रुग्णांच्या मूलपेशींपासून ऑर्गनॉइड वाढवले. त्यातल्या काहींमध्ये ग्लुकोजचं शोषण वाढलेलं होतं. रुग्णाच्या शरीराबाहेर वाढूनही पेशींनी तो गुण टिकवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक प्रतिसाद : प्रयोगातली एक अडचण सांगते, कारण तिचा शब्दांशी संबंध आहे. जेलमध्ये ऑर्गनॉइड पोकळ गोळ्यासारखा वाढतो आणि त्यात अस्तराची अन्नाकडची बाजू आत असते. बाहेरच्या द्रवात ग्लुकोज घातलं तर ते रक्ताकडच्या बाजूला लागतं. म्हणून शोषण मोजताना गोळे फोडून त्या पेशी सच्छिद्र पडद्यावर सपाट वाढवतात. मग वरून ग्लुकोज घालायचं आणि खालच्या द्रवात किती उतरलं ते पाहायचं. त्या सपाट रूपाला 'एकपदरी थर' म्हणा, नाहीतर वाचक गोंधळेल.

'नमुना' मात्र पूर्ण टाळा. बायोप्सीत घेतात तोही नमुनाच. 'रुग्णाच्या नमुन्यापासून नमुना तयार केला' या वाक्यातून काय समजायचं? मॉडेलसाठी 'प्रारूप' वापरा.

'अवयवाभ' घडण म्हणून नेटका आहे, 'गोलाभ'सारखा. पण 'आंत्र-अवयवाभ' मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळते. मी 'ऑर्गनॉइड'च ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला 'मूलपेशींपासून वाढवलेलं आतड्याचं सूक्ष्म अस्तर' असा खुलासा देईन.

प्रश्नकर्ती : पटलं, तसंच करते. 'तो ऑर्गनॉइड' की 'ते'?

प्रतिसाद : 'तो', अवयवासारखाच. अनेकवचनही 'ऑर्गनॉइड'च, 'ऑर्गनॉइड्स' नको.