आबांबद्दल दोन पानं लिहायचीत, पण फौजेचं काहीच माहीत नाही. काय करू?

घोरपडीचा_नातू:
नमस्कार मंडळी. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गेल्या वर्षी गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे आणि जेवायला येणाऱ्या सगळ्यांना आबांवर दोन पानं छापून द्यायची असं घरात ठरलंय, आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय.

आबा मूळचे कोरेगाव तालुक्यातले. १९६३ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, १९७८ ला पेन्शन घेऊन घरी आले, मग माजी सैनिकांच्या कोट्यातून रेल्वेत गँगमन (रूळ दुरुस्तीच्या टोळीतला कामगार), पुढे कीमन (रोज रूळ तपासत चालणारा), आणि २००४ ला आळंदी-शिंदवणे सेक्शनवरून रिटायर (आळंदी म्हणजे म्हातोबाची, माउलींची नाही).

अडचण अशी की १९७१ ला ते बांगलादेशात होते याच्यापुढे आम्हाला काहीही माहीत नाही. विचारलं की "लय थंडी होती" म्हणायचे आणि उठून जायचे. दर १६ डिसेंबरला मात्र पहाटे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घोरपडीच्या युद्ध स्मारकाला जायचे, एकटेच, आम्हाला नेत नसत. ट्रंकेत तीन पदकं आहेत आणि एका पिवळ्या पडलेल्या कागदावर १ मराठा एलआय असं लिहिलंय.

रेल्वेचं मात्र कितीही बोलायचे. पण काका म्हणतात रेल्वेत काय, चाव्या ठोकायचे, ते काय छापायचं, फौजेचं लिही. मला ते पटत नाहीये पण फौजेचं लिहायला हातात काही नाही. नेटवरून युद्धाची माहिती काढून टाकू का?

सुभेदारांची_लेक:
दादा, आधी आबांना नमस्कार. माझे वडील पण मराठाचेच, आमच्याही घरी हेच, एक शब्द नाही.

तुमच्या कागदावर १ मराठा आहे म्हणजे जंगी पलटण. ७१ ला ही पलटण जमालपूरला होती, ब्रह्मपुत्रेच्या काठी. १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची ३१ बलुच पलटण जमालपूर सोडून ढाक्याकडे निघाली आणि मराठ्यांनी त्यांचा रस्ता धरून ठेवला होता तिथेच ती रात्रभर अडली, मागे उरलेल्यांनी सकाळी शरणागती पत्करली. कर्नल कुलदीपसिंग ब्रार तेव्हा पलटणीचे कमांडर होते. हे सगळं बिनधास्त लिहा, पण "पलटणीने केलं" असं लिहा, आबांच्या नावावर मनाने काही घालू नका. त्या रात्री ते मोर्च्यात होते की स्वयंपाकात की दवाखान्यात हे आपल्याला माहीत नाही, आणि जे माणूस स्वतः बोलला नाही ते आपण त्याच्या तोंडी घालणं मला तरी बरोबर वाटत नाही.

पदकं नीट बघा. पूर्व आघाडीवर असतील तर 'पूर्वी स्टार' नावाचं पदक असेल. गोल पदकाची कड भिंगाखाली धरा, तिथे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. एक कदाचित स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं असेल, ते १९७२ ला नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं होतं, ते शौर्याचं म्हणून छापू नका, जाणकार लगेच ओळखतात. आणि डिस्चार्ज बुक शोधा. नाहीच सापडलं तर तो नंबर घेऊन बेळगावला मराठा सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला आजींच्या नावाने अर्ज करा. वेळ लागेल, पण सोडू नका.

रूळ_आणि_खडी:
मी स्वतः ट्रॅकवर ३१ वर्षं काढलीत, म्हणून राहवलं नाही. काकांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

कीमन रोज सहा-सात किलोमीटरची बीट चालतो, जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी झेंडी आणि फटाके (रुळावर ठेवायचे, चाकाखाली वाजले की ड्रायव्हर सावध होतो). लोखंडी स्लीपरच्या काळात रूळ चावीने, म्हणजे लोखंडी पाचरीने, धरलेला असायचा आणि गाड्यांच्या हादऱ्याने चावी सुटायची, ती रोज ठोकायची. एक चावी निघाली तर काही होत नाही हो, पण ओळीने चार-पाच निघाल्या तर रूळ सरकतो. रूळ तुटलेला दिसला तर तिथे लाल झेंडी रोवायची आणि गाडी येणार त्या बाजूला पळायचं, ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. तुमच्या आबांची एकेरी लाईन, त्यात घाट, त्यात बोगदे, पावसाळ्यात दरड, रात्री हातात बत्ती घेऊन एकट्याने चालायचं. महालक्ष्मीत माणसं गाढ झोपलेली असायची ती या माणसाच्या जिवावर. आणि काका म्हणतात काय छापायचं!

अजून एक, कागद शोधताना लक्षात ठेवा, पुणे विभाग २००३ चा. त्याच्या आधी मिरज लाईन दक्षिण मध्य रेल्वेच्या हुबळी विभागात होती, म्हणजे त्यांचे जुने कागद तिकडचे असणार.

हडपसर_मीनल:
मला एवढंच वाटतं की तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते लिहा. नोकरीच्या तारखा चार ओळीत संपतात. ते घरात कसे वावरायचे, काय खायचे, कशावर चिडायचे? आजींना विचारलंत का?

घोरपडीचा_नातू:
सगळ्यांचे मनापासून आभार. @सुभेदारांची_लेक ताई, अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं, एक पूर्वी स्टार आणि एक पंचविसाव्या वर्षाचं. तिसऱ्याच्या कडेवर नंबर आणि नाव आहे, भिंगाने वाचलं तेव्हा हात थरथरत होते माझे.

मीनलताई, तुम्ही विचारलंत आणि मला एकदम आठवलं. आबा घरात काहीही लोखंडी दिसलं की बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. गॅलरीचा कठडा, माझी सायकल, खिडकीचे गज. घट्ट असेल तर खण्ण वाजतं, ढिलं असेल तर भद्द. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये बोलणं जवळजवळ बंद झालं होतं तेव्हा पलंगाचा दांडा वाजवून मला म्हणाले, "ढिला हाय, सांग त्यांना." मी खाली वाकून बघितलं तर खरंच एक बोल्ट निघालेला होता. सुरुवात इथूनच करणार आहे.

काल आजीपाशी बसलो. ती म्हणाली जमालपूर हे नाव त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं. शिंदवण्याच्या घाटात पहिली पावसाळी रात्रपाळी करून सकाळी भिजून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "जमालपूरला बी असंच, रातभर रस्त्याकडं बघत बसलो हुतो. हितं निदान गाडी येती ती आपलीच असती." आजीला तेव्हा ते कळलं नव्हतं, मला पण ताईंचं वाचलं नसतं तर कळलं नसतं.

@रूळ_आणि_खडी काका, तुमचं मोठ्याने वाचून दाखवलं. आमचे काका काही बोलले नाहीत, उठून माळ्यावरून आबांच्या हातोड्याचा दांडा घेऊन आले. रिटायर होताना हातोडा जमा केला होता, दांडा तेवढा ठेवला होता कारण तो त्यांनी स्वतः बाभळीचा तासलेला, धरायच्या जागी चार बोटांचे खळगे पडलेत. पदकांच्या शेजारी याचा पण फोटो टाक म्हणाले. तुम्ही पुण्यात असाल तर त्या दिवशी जेवायला नक्की या, पत्ता मेसेज करतो.